पितराचा ढेकर

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की नाचणगावात रूपरावांचा भाव वधारायचा. एरवी वर्षभर ते ज्या ओट्यांवरून जात, तिथून त्यांना कोणी नुसतं 'बसा' म्हणायचं नाही. पण पितृपक्ष लागला की तीच माणसं त्यांना देवळात, न्हाव्याकडे, बसथांब्यावर शोधत यायची. "काका, पंचमीले आमच्याच इथं याचं बरं. दुसऱ्या कोनाले हो म्हनून बसू नका," असं हात धरून बजावायची. रूपराव कपाळाला आठ्या घालायचे, मोठ्या पेचात पडल्यासारखं बोटांवर तिथ्या मोजायचे आणि शेवटी उपकार केल्यासारखं "पाहातो," म्हणायचे. घरी आल्यावर मात्र दार लावून घेऊन स्वतःशीच हसायचे.

गावात पितर जेवू घालायची रीत होती. घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्या तिथीला एखाद्या वयस्क, जाणत्या माणसाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, त्याला पाटावर बसवायचं आणि गेलेलं माणूसच परत आलं असं समजून पोटभर जेवू घालायचं. या कामाला रूपरावांइतका सोयीचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. उंच बांधा, पांढऱ्या मिशा, स्वच्छ धोतर, आणि चेहरा असा की तो कोणाच्याही वडिलांचा वाटावा. शिवाय बायको आनंदाबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा माणिक नोकरीला भिलाईला. पोळ्याला येतो म्हणायचा आणि दिवाळीलाही यायचा नाही. घरी जेवणासाठी वाट पाहणारं कोणी नाही, तेव्हा पितर म्हणून कधीही मोकळे.

पण रूपरावांचा खरा मान होता तो त्यांच्या ढेकराचा. बाकीच्या गावांत कावळा घासाला शिवला की पितर पावले असं समजतात. नाचणगावात कावळ्यानं अर्धंच काम व्हायचं, उरलेलं अर्धं रूपराव करायचे. शेवटचा भात संपला की ते डोळे मिटायचे, मान किंचित वर करायचे आणि असा काही ढेकर द्यायचे की गोठ्यातली गुरं माना वळवायची. मग घरधनी हात जोडून म्हणायचा, "पावला बा, पावला!" बायका डोळ्याला पदर लावायच्या. शेजारच्या घरातही समजायचं की अमक्याचा बाप जेवून तृप्त होऊन गेला.

त्या ढेकराचं मूळ तृप्तीत नसून आम्लपित्तात आहे, हे फक्त रूपरावांना ठाऊक होतं. उभी हयात त्यांनी पुलगावच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी म्हणून काढली होती. कापसाच्या हंगामात जेवणाला वेळ नाही. कधी दुपार टळल्यावर गार डबा, कधी नुसता चहावर चहा, आणि तोंडी लावायला हिरव्या मिरचीचा ठेचा. निवृत्त होईतो छातीत कायमची शेगडी पेटली होती. आंबट पाणी घशाशी यायचं, आडवं झालं की जास्तच. त्यावर रूपरावांचा इलाज एकच, खाण्याचा सोडा. चमचाभर सोडा पाण्यात ढवळला, प्यायला, की पोटातून गडगडत ढेकर यायचा आणि छाती निवायची. घटकाभरानं पुन्हा पेटायची. मग पुन्हा चमचा. मधल्या वेळात औषधाच्या दुकानातल्या खडूसारख्या गोळ्या बत्ताशासारख्या चघळायच्या आणि वर थंड दूध प्यायचं.

ही गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची. त्या वर्षी आषाढात रूपरावांचे पाय सुजले. चपलेत पाऊल मावेना. एक दिवस देवळात गेले तर पायरीवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा कुठे ते पुलगावच्या डॉक्टर कृष्णकांतांकडे गेले.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पायावर बोट दाबून पडलेला खड्डा पाहिला आणि विचारलं, "काय काय घेता?"

रूपरावांनी सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत ऐकत खुर्चीत मागे रेलले.

"अहो, सोडा म्हणजे एक प्रकारचं मीठच तुम्ही चमच्यानं पिताय. पाय सुजतील नाही तर काय? रक्तदाब चढलाय तो वेगळा. आणि त्या गोळ्या, वर दूध... मूत्रपिंडात खडे करून घ्यायचेत का?"

"पन आराम पडते ना साहेब."

"पडतो. घटकाभर. मग तुमचं पोट म्हणतं, माझं आम्ल कोणी पळवलं, आणि आधीपेक्षा जास्त तयार करतं. ज्यानं आग विझते असं तुम्हाला वाटतं, त्यानंच ती पुन्हा पेटते. सोडा आजपासून बंद."

"मंग घेऊ काय?"

"काही घेऊ नका. सोडा. म्हणजे सोडून द्या. ठेचा सोडा, तळलेलं सोडा, काळा चहा सोडा. पोटाला जागा ठेवून जेवा. दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा."

रूपरावांना यातलं काहीच औषधासारखं वाटलं नाही. पण अंधारीनं ते घाबरले होते. शेजारच्या तानबाकडून विटा आणल्या, पलंग चढावर लावला. पहिले काही दिवस ते उशीवर झोपायचे आणि सकाळी पायथ्याशी गोळा झालेले सापडायचे. हळूहळू सवय झाली. भाकरी, फिकं वरण, दोडक्याची नाही तर दुधीची भाजी. ऊन कलायच्या आत ताट धुऊन पालथं. श्रावण संपेपर्यंत पायांची सूज उतरली, आणि एक दिवस रूपरावांच्या लक्षात आलं की छातीत जळजळ नाही. कुठेच नाही. त्यांनी छातीवर हात ठेवून तपासून पाहिलं.

या बरं होण्यात एकच वाईट गोष्ट होती. दिवसाउजेडी जेवण उरकल्यावर पुढची संध्याकाळ संपता संपायची नाही. जळजळ होती तेव्हा निदान तिच्यामागे धावण्यात वेळ जायचा; सोडा शोधा, पाणी ओता, ढवळा, उठून बसा, पुन्हा पडा. आता नुसतं बसायचं. समोर तानबाच्या घरातून फोडणीचा वास यायचा, त्याची मुलगी लीना रेडिओ लावायची, कोणी कोणाला तरी हाक मारायचं. त्या हाकेत आपलं नाव असणार नाही हे माहीत असूनही रूपराव कान देऊन ऐकायचे. म्हणून ते पितृपक्षाची वाट पाहत होते. त्या पंधरवड्यात त्यांना कोणी बाबा म्हणायचं, त्यांच्या ताटावर वारा घालायचं, अजून एक घ्या म्हणून गळ घालायचं. पुढचे साडेअकरा महिने ते त्यावर काढायचे.

पहिलं आवतण तानबाचंच. त्याचे वडील महादेवराव हे रूपरावांचे जुने सोबती. महादेवरावांची बायको कौशल्याबाई इतर दिवशी रूपरावांना भाऊजी म्हणायची, पण त्या दिवशी डोक्यावरून पदर ओढून घ्यायची आणि नवऱ्याशी बोलावं तसं बोलायची. पाय धुऊन झाले, कपाळाला गंध लागलं. पानात उडदाचे वडे, कढी, खीर, गवार, भोपळा, पुरणाची पोळी. कावळाही त्या वर्षी शहाण्यासारखा आला आणि घास घेऊन गेला. रूपराव डॉक्टरांना स्मरून सावकाश आणि बेतानं जेवले. भात संपला. त्यांनी सवयीनं डोळे मिटले, मान वर केली.

काहीच झालं नाही.

लीना वारा घालता घालता थांबली. तानबा हात जोडायच्या तयारीत होता, तो तसाच राहिला.

"बाबा, झालं ना पोटभर?"

"झालं."

"मंग?"

रूपरावांनी पोटावरून हात फिरवला. पोट इतकं शांत होतं की त्यांना त्याचा राग आला. तानबाच्या बायकोनं घाईनं आणखी दोन वडे वाढले. ते खाल्ले. पुन्हा मान वर. पुन्हा शांतता.

"काऊन रागावले तुमी?" पदराआडून कौशल्याबाईचा आवाज आला. तो महादेवरावांसाठी होता. "खिरीत गोड कमी झालं का?"

रूपरावांनी मान हलवली. पितरानं पाटावर फार बोलायचं नाही, असा संकेत. कौशल्याबाई खाली बघत म्हणाली, "तुमचा थो लोकरीचा कोट म्या माह्या भावाले देल्ला. तुमाले थो भाऊ पसंत नोता, मले माहीत हाय. पन थंडीत कुडकुडत होता बिचारा."

"आई, कोटाचं काय घेऊन बसली!" तानबा रडकुंडीला आला. "बाबा, राग माह्यावर हाय. थे चिचेचं झाड वादळानं नाई पडलं. म्याच तोडलं."

"तू तोडलं?" कौशल्याबाईनं पदर मागे सारला. "म्या त्या वादळाले चार वर्सं शिव्या देऊन राह्यली!"

"मामंजी," कोपऱ्यातून सुनेचा हुंदका आला, "शेवटच्या दिसांत तुमी ठेचा मागत होते. म्या लपवून ठेवला. डाक्टरानं नाई म्हनलं होतं म्हून..."

रूपरावांना तिची फार दया आली. 'मी महादेवराव नाही गं पोरी, मला फक्त दुधी मानवलाय,' असं सांगावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी तोंड उघडून भसकन हवा गिळली आणि ती वर ढकलायचा प्रयत्न केला. ढेकर आला नाही, उचकी लागली. एकामागून एक.

"उचकी!" तानबाचा चेहरा पांढरा पडला. "वर कोनीतरी बाबाची आठवन काढून राह्यलं!"

पाणी पाजून, पाठ चोळून, कसंबसं पितराला निरोप दिला. रूपराव घरी पोचायच्या आत बातमी गावभर झाली होती की महादेवराव यंदा उपाशी मनानं गेले आणि त्यांच्या घरात कोटावरून, झाडावरून भांडण पेटलं आहे.

दुसऱ्या दिवशी शाळामास्तर प्रभाकरराव आले. त्यांच्या वडिलांची तिथी अष्टमीची. ओट्यावर न बसताच त्यांनी घसा साफ केला.

"रूपरावजी, स्पष्टच विचारतो, राग मानू नका. येतो ना?"

"काय?"

"ढेकर. नाही म्हणजे, आमच्या वडिलांचा स्वभाव आधीच कडक. आता आणखी नाराजी परवडायची नाही. भैय्याजींनाही विचारून ठेवलंय. त्यांना सोडावॉटरच्या बाटलीवर हमखास येतो."

भैय्याजी म्हणजे बाजारातला किराणावाला. त्याला दोन सुना, चार नातू, घरात रोज पंगत. एक घर गेलं की दुसरं जाणार, मग तिसरं, आणि पुढच्या भाद्रपदात बसथांब्यावर कोणी हात धरायला येणार नाही.

"भैय्याजीले कायले तकलीफ देता?" ते म्हणाले. "येते ना मले. खात्रीनं येते."

डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेला सोडा त्यांनी फेकला नव्हता. जिनिंगमध्ये नोकरी केलेल्या माणसाच्या हातून सरकीसुद्धा फेकवत नाही. अष्टमीला त्यांनी डबा काढला, एक चमचा प्याले. मग भैय्याजी आठवला, म्हणून दुसरा प्याले. उरलेल्याची पुडी करून कनवटीला लावली.

प्रभाकररावांकडे सगळं वेळच्या वेळी. पाय धुतले, गंध लावलं, बायको शकुबाईनं पत्रावळ मांडून पहिल्यांदा मीठ वाढलं. आणि त्या मिठाकडे बघत असतानाच रूपरावांच्या पोटात काहीतरी उलटलं आणि जन्मात कधी दिला नव्हता असा ढेकर बाहेर पडला.

शकुबाईनं मिठाची वाटी खाली ठेवून हात जोडले. "पावले जी!"

"थांब," प्रभाकरराव म्हणाले. "कशावर पावले? मिठावर?"

"वाढाच्या आधीच तृप्त झाले. केवढं मन मोठं!"

"माझ्या बापाचं? त्यांनी आयुष्यात एक पोळी कमी खाल्ली नाही." प्रभाकररावांनी रूपरावांकडे संशयानं पाहिलं. "याचा अर्थ असाही होऊ शकतो की त्यांना आपल्या घरचं अन्नच नको आहे."

रूपरावांना घाम फुटला. "वाढा," ते पितराच्या आवाजात म्हणाले. "भूक लागली."

मग त्यांनी आपल्याला अन्न हवं आहे हे सिद्ध करायचं ठरवलं. वडे खाल्ले, भजी खाल्ली, पोळ्या खाल्ल्या, खीर दोनदा घेतली. दुधी खाऊन आकसलेलं पोट तट्ट फुगलं. पण आता पंचाईत अशी की शेवटचा ढेकर राहिला होता आणि सोड्याचा सगळा जोर मिठावरच खर्च झाला होता. प्रभाकरराव समोर बसून वाट पाहत होते. ते पाणी आणायला वळल्याबरोबर रूपरावांनी कनवटीची पुडी काढली आणि घाईघाईत हाताशी आलेल्या वाटीत रिकामी केली. ती वाटी कढीची होती.

आंबट ताकाच्या कढीला सोड्याचं वावडं असतं हे रूपरावांना माहीत असायला हवं होतं. कढी फसफसली, वाटीच्या काठावर चढली आणि पत्रावळीवरून पाटाकडे निघाली.

"अव माय! कढी जित्ती झाली!" शकुबाई किंचाळली.

पुरावा नाहीसा करायचा म्हणून रूपरावांनी ती वाटी तोंडाला लावली आणि फेसासकट घोटली. पोटात जे झालं ते त्यांना नीट कळलं नाही. छातीत एकदम कोणीतरी गोणी टाकल्यासारखं झालं, कानांत शिट्टी वाजली, डोळ्यांपुढे ती आषाढातली अंधारी आली आणि ते पाटावरून कलंडले.

"अहो, धावा! पितर मेला!"

"वेडी आहेस का? पितर मेलेलाच असतो."

"मंग हे काय झालं?"

मग प्रभाकररावांचा, एखादं गणित सुटल्यासारखा आवाज आला, "हे रूपराव मेले."

रूपराव पूर्ण बेशुद्ध नव्हते. जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनी दोन्ही वाक्यं ऐकली. पितर मेला तेव्हा निदान एक किंकाळी फुटली होती. रूपराव मेले हे सांगताना मात्र कोणाचा आवाज चढला नाही. मिटलेल्या डोळ्यांतून त्यांना पाणी आलं आणि ते पाहून शकुबाई म्हणाली, "रडून राह्यले. जित्ते हायत."

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या तानबानं त्यांना बैलबंडीत घातलं आणि पुलगावला नेलं. डॉक्टरांच्या दवाखान्यात पोटातला वारा आणि बरंचसं श्राद्ध बाहेर पडल्यावर रूपरावांना उठून बसता आलं.

"भरल्या पोटावर सोडा?" डॉक्टर खरोखर चिडले होते. "पोट फुटून माणसं मरतात अशानं! इतके छान बरे झाला होता. काय गरज होती?"

तानबा दाराशी उभा होता, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "बरा झालो अन् ढेकर गेला. ढेकर गेला तं मले कोन बोलावन? सालभर मी एकटा जेवतो. माह्या ताटात काय हाय, कोनी पाहात नाई. हे पंधरा दिवस कोनी तरी मनते, बाबा, पोळी गरम हाय, आताच घ्या. त्याच्यासाठी पोट जळलं तं जळू द्या, असं वाटलं."

डॉक्टरांनी मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं, पण लिहिलं काहीच नाही. तानबानं बंडी जुंपली.

उरलेल्या सगळ्या तिथ्या भैय्याजीला मिळाल्या. सर्वपित्री अमावस्येला तर त्याला तीन घरी बसवलं म्हणे. घराघरातून वडे तळल्याचा वास येत होता आणि थोड्या थोड्या वेळानं, सोडावॉटरच्या जोरावर, भैय्याजीचा ढेकर ऐकू येत होता. रूपराव ऊन असतानाच दोडका-भाकर जेवले. तीन तास आडवे झाले नाहीत. प्रकृती उत्तम होती. इतकी उत्तम प्रकृती घेऊन काय करायचं, हे काही त्यांना समजेना. विटांवर चढवलेल्या पलंगाच्या काठावर बसून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, आणि आनंदाबाई गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांना उघडउघड रडू आलं.

नवरात्र बसल्यावर एका सकाळी तानबा आला. हातात काही नव्हतं, डोक्यावर टोपीही नव्हती, म्हणजे बोलावणं नसावं.

"काका, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लीनाले पाहाले पाहुने येऊन राह्यले. बोरगावचे हायत. तुमी याचं."

रूपरावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मी? पाहाच्या कार्यक्रमात?"

"हाव. काऊन, जमत नाई का?"

"जमते ना. पन आजवर कधी... तुह्या बहिनीच्या लग्नात मले मांडवात कोनी बोलावलं नोतं. प्रभाकररावाच्या पोराच्या मुंजीतबी नाई. म्हून विचारलं."

तानबा अवघडला. ओट्याच्या कडेला बसून पायानं माती उकरू लागला.

"कसं बोलावनार काका? तुमी बाबा ना आमचे! ज्याले पितराच्या पाटावर बसवला त्याले शुभकार्यात बसवत नाई. बाबा गेले त्या सालापासून आई हेच मनते. तुमी मांडवात दिसले का सगळ्या बायांले बाबा आठवतीन, रडारड होईन. बोहल्यासमोर पितर उभा, असं बरं दिसते का? अन् तुमी काई एका घरचे पितर नोते. अर्ध्या गावाचे बाप होते."

"म्हून कोनी बसा बी मनत नोतं?"

"ओट्यावर बसवलं अन् घरात कोनी आजारी असलं तं? भेव वाटे."

"मले कोनी सांगतलं नाई."

"आमाले वाटे तुमाले माहीत हाय. तुमीच तं दर साली आठ्या घालून, बोटं मोजून हो मनत होते. आई मने, भाऊजीले हेच आवडते, कायले मोडता घालाचा?" तानबानं वर पाहिलं. "आता सारं भैय्याजीकडं गेलं. तुमी मोकळे झाले. डाक्टराच्या इथं तुमी बोलले थे म्या आईले सांगतलं. ती दोन दिवस जेवली नाई नीट."

तो गेल्यावर रूपराव तसेच बसून राहिले. ज्या ढेकराच्या जोरावर आपण माणसं धरून ठेवली असं ते समजत होते, त्याच ढेकरानं त्यांना दर वर्षी गावातून उठवलं होतं. हसावं की कपाळ बडवावं हे त्यांना ठरवता येईना. मग भैय्याजीच्या दोन सुना आणि चार नातू आठवले, पुढे येणाऱ्या मुंजी आणि लग्नं आठवली, आणि त्या माणसाला जाऊन सावध करावं असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण ते गेले नाहीत.

ठरल्या दिवशी ते धुवट धोतर नेसून फार लवकर तानबाकडे पोचले. घरात एकच धांदल उडाली होती. कोणी कप पुसत होतं, कोणी लीनाच्या वेणीशी झटापट करत होतं, तानबा अंगणात गुरांवर खेकसत होता. काय करायचं ते न सुचून रूपराव भिंतीपाशी एका स्टुलावर बसले. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्या घरात त्यांना दुसऱ्या कोणत्याही पद्धतीनं बसायची सवयच नव्हती. कोणी पाय धुवायला आलं नाही.

कौशल्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठानं भरलेले, पदर खोचलेला. रूपरावांना पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अव भाऊजी! पाहुने वेशीत आले अन् तुमी पुतळ्यावानी बसून राह्यले? थे सतरंजी कोन आथरन मंग, म्या?"

रूपराव दचकून उठले. या घरात त्यांना हात जोडले होते, त्यांचे पाय धुतले होते, त्यांच्यापुढे रडलेही होते. कोणी त्यांच्यावर ओरडलं मात्र नव्हतं.

"आथरतो ना, आथरतो," म्हणत त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि सतरंजीची घडी उलगडली. एकट्यानं ती सरळ होईना, म्हणून दुसरी दोन टोकं धरायला त्यांनी तानबाला हाक मारली, आणि तो लवकर आला नाही तेव्हा त्याच्यावर चांगलेच ओरडले.